बिनझाकणाची टाकी कुणाच्या सोयीची?

पेट्रोलच्या टाकीला झाकणच नाही, अशी नवी गाडी दिसली की आमच्या मध्य प्रदेशातल्या मोहगावात चार पोट्टे ती पाहायला गोळा होतात. बाहेरचं पत्र्याचं दार उघडलं की आत फिरवायचं झाकण नसतंच. नोझल सरळ आत ढकलायचं, काढून घेतलं की आतली स्प्रिंगची पट्टी आपोआप मिटते. गाडीवाला कौतुकानं सांगतो, "हात लावाचं कामच नाही जी." मी इथं दुचाक्या दुरुस्त करतो, अधूनमधून चारचाकीचंही काम येतं. त्या गाडीवाल्याला मला एवढंच विचारावंसं वाटतं, की भाऊ, झाकणाला तुमचा हात लागत होताच कधी? सौंसरच्या पंपावर तुम्ही काच खाली करता, "हजारचं टाक" म्हणता आणि मोबाइल पाहत बसता. झाकण फिरवतो तो पंपावरचा पोरगा. सोय झाली ती त्याची, आणि पैसे मोजले तुम्ही!

ही युक्ती निघाली ती जिथं मालकच पंपावर उतरून स्वतः पेट्रोल भरतो त्या मुलखासाठी. अमेरिकेत फोर्डनं २००८ च्या सुमारास 'इझी फ्युएल' या नावानं ती रोजच्या गाड्यांत आणली. तिथं नुसता हात काळा होण्याचा प्रश्न नव्हता. पेट्रोलची वाफ हवेत जाऊ नये म्हणून टाकीची सगळी वाट बंद ठेवावी लागते, आणि झाकण सैल राहिलं की गाडीचा कॉम्प्युटर इंजिनाचा दिवा लावतो. माणसं घाबरून गॅरेज गाठायची आणि दोष निघायचा झाकणाचा अर्धा आटा. माणूस विसरतो, तर झाकणच काढून टाका, हा त्यावरचा तोडगा. तो शहाणपणाचा आहे, मी नाही म्हणत नाही. पण त्याच अमेरिकेत न्यू जर्सी नावाच्या राज्यात १९४९ पासून गिऱ्हाइकानं स्वतः पेट्रोल भरायलाच बंदी आहे. तिथल्या गाडीवाल्याची स्थिती आपल्यासारखीच म्हणायची.

आपल्याकडे टाकीच्या तोंडाची खरी सोय झाली ती स्कूटरवर, आणि तिचं म्हणावं तेवढं कौतुक कुणी केलं नाही. सीटखाली टाकी असलेली स्कूटर पंपावर आणणारी बाई डोळ्यांसमोर आणा. पोराला खाली उतरवा, हुकाची पिशवी काढा, स्वतः उतरा, किल्ली फिरवून सीट उचला, डिक्कीतला रेनकोट सावरा, मागून हॉर्न ऐका. टीव्हीएसनं २०१३ च्या ज्युपिटरला बाहेरून पेट्रोल भरायचं तोंड दिलं. होंडाच्या ११० सीसीच्या अ‍ॅक्टिव्हाला ते २०२० च्या '६जी'पर्यंत मिळालं नव्हतं. पुढं २०२१ च्या ज्युपिटर १२५ मध्ये टाकीच पाय ठेवायच्या पाट्याखाली गेली आणि तोंड हँडलखाली आलं, म्हणजे बसल्या जागी पेट्रोल. यातल्या एकाही गाडीचं झाकण गेलेलं नाही, फक्त त्याची जागा बदलली. ज्याला त्रास होता त्याचाच त्रास गेला, म्हणून मी त्याला सोय म्हणतो.

बिनझाकणाच्या टाकीचा आमच्या भागातला खरा घोळ वेगळाच आहे. ती पट्टी ठरावीक जाडीच्या नोझललाच उघडते. बारीक नळी घातली तर खटका सुटत नाही. चोराला नळी घालून पेट्रोल ओढता येत नाही, हा फायदा झाला. पण रामाकोन्याच्या बाजूला, नाहीतर एखाद्या संत्र्याच्या बगिच्याजवळ गाडी कोरडी पडली आणि कुणी भल्या माणसानं डबकीत पेट्रोल आणून दिलं, तर तेही आत जात नाही. त्यासाठी कंपनी एक खास नरसाळं देते. ते बहुधा स्टेपनीजवळ, चटईखाली असतं, आणि गाडी घेताना ते दाखवून द्यायचं शोरूमच्या पोराच्या ध्यानात राहीलच असं नाही. मग माणसं पेचकस घालून पट्टी दाबतात, ती वाकते, आणि कधी न सैल होणारी टाकी कायमची सैल होते.

त्यात आमची काळी माती. उन्हाळ्यात तिची धूळ पिठासारखी उडते आणि कुठल्याही फटीत जाऊन बसते. फिरवायचं झाकण तुम्ही फडक्यानं पुसता, रबर पाहता, फाटलं तर बदलता. आतली पट्टी कोण पुसतो? तिच्या रबराखाली कचरा अडकला तर ती पुरती बसत नाही, आणि बाहेरून ते दिसतही नाही.

यंदा पावसाळ्यात माझ्याकडं येणाऱ्या मोटारसायकली बघितल्या की झाकण ही किती मोलाची वस्तू आहे ते कळतं. टाकीच्या झाकणाभोवती पाणी निघून जायला बारीक भोक असतं. ते मातीनं बुजलं की पाणी तिथंच साचतं आणि जुन्या रबरातून आत उतरतं. पूर्वी असं झालं तर पाणी काढून टाकायचं, झालं. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आहे आणि इथेनॉल पाणी धरून ठेवतं. पाणी जास्त झालं की दोघं मिळून पेट्रोलपासून सुटतात आणि तळाशी बसतात, म्हणजे नेमका गाडीतला पंप पेट्रोल ओढतो तिथं. गाडी चौकात बंद पडते आणि मालक पेट्रोलपंपाला शिव्या देतो. एक तार घालून ते भोक साफ केलं असतं तर भागलं असतं. मी गिऱ्हाइकाला सांगतो, पण फुकटचा सल्ला कोण ऐकतो बाप्पा!

आमची आणखी एक खोड आहे, ती सीमेनं लावलेली. मध्य प्रदेशात पेट्रोल महाराष्ट्रापेक्षा काही रुपयांनी महाग. त्यामुळं कळमन्याच्या बाजारात संत्री टाकून परतणारा महाराष्ट्रातल्या सावनेरकडं टाकी फुल करतो, आणि नोझल आपोआप कट झालं तरी "अजून बसव" म्हणत गळ्यापर्यंत भरून घेतो. आताच्या गाड्यांत वाफ धरायला कोळशाचा डबा असतो, कॅनिस्टर म्हणतात त्याला. ओलं पेट्रोल त्यात गेलं की तो कामातून जातो. वाचवलेल्या रुपयांत तो येत नाही. इथं झाकण असलं काय आणि नसलं काय, सारखंच.

तेव्हा कंपन्यांना माझं मागणं साधं आहे. झाकण काढायचं तर काढा, पण नरसाळं गाडी देताना गिऱ्हाइकाच्या हातात द्या. मोटारसायकलचं ते भोक दुप्पट मोठं करा. आणि टाकीच्या दारावर आत 'पेट्रोल' की 'डिझेल' हे ठळक देवनागरीत लिहा. पाहुण्याची गाडी मागून आणलेला पोरगा पंपावर गडबडतो तो तिथंच. सौंसरचा हिंदीत बोलणारा आणि सावनेरचा मराठीत बोलणारा, दोघंही ते वाचतील.