हे धुवायचं कसं?

लातूरकरांचा आणि समुद्राचा संबंध तो काय? आमच्याकडे पाणी म्हटलं की टँकर आठवतो, फार तर २०१६ साली मिरजेहून आलेली पाण्याची रेल्वे. पण माझा पुतण्या सतरा वर्षं फौजेत काढून परतला आणि वर्षाच्या आतच मालवाहू जहाजावर बंदूकधारी रक्षकाच्या नोकरीवर निघाला. एडनचं आखात, सोमालियाचे चाचे हे शब्द आमच्या घरात चहाबरोबर फिरायला लागले.

निघायच्या आधी पंधरा दिवस तो मुंबईहून बुलेटप्रूफ जॅकेट घेऊन आला. एका ओळखीच्या विक्रेत्याकडून, निम्म्या किमतीत. घरात सगळ्यांनी घालून पाहिलं, पोरांनी फोटो काढले. सूनबाई तेवढी गप्प. मग हळूच म्हणाली, "काकू, हे धुवायचं कसं हो?"

सगळे हसले. मीही हसले, खोटं कशाला सांगू!

पण उत्तर एकालाही येईना. म्हणून वरचं कापड उघडून आतलं लेबल वाचलं. आतले पॅनेल काढून फक्त वरचं कव्हर धुवायचं, पॅनेल ओल्या फडक्यानं पुसायचे, पिळायचे नाहीत, उन्हात टाकायचे नाहीत. आणि खाली तारीख. पाच वर्षांची हमी संपूनच दोन वर्षं झालेली! एका कोपऱ्यात पॅनेलच्या प्लास्टिकच्या पिशवीची शिवणही उसवली होती.

ही उसवलेली शिवण म्हणजे किरकोळ गोष्ट नव्हे. अशा जॅकेटात बहुतेक वेळा केव्हलारसारखा धागा असतो. तो १९६५ साली स्टेफनी क्वोलेक या बाईनं अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत शोधला, हे आपल्या पुरवणीत सांगायलाच हवं. धागा पोलादाला भारी, पण त्यात पाणी मुरलं की धाग्यांची एकमेकांवरची पकड सैल होते आणि गोळीला वाट मिळते. म्हणून तो जलरोधक पिशवीत बंद करतात. लातूरच्या कोरड्या हवेत एक वेळ चालून जाईल, पण जहाजावर चोवीस तास खारं वारं आणि घाम. झायलॉन नावाच्या दुसऱ्या एका धाग्याची जॅकेटं उष्णतेनं आणि दमटपणानं कमजोर होतात, हे कळल्यावर २००५ साली अमेरिकेत त्यांची मान्यताच काढून घेतली गेली. तोवर पोलीस ती अंगात घालून फिरत होते.

मग मी पुतण्याला खोदून विचारायला लागले. हे मऊ जॅकेट पिस्तुलाची गोळी अडवतं. चाच्यांच्या हातात असते एके-४७. तिच्यासाठी पुढं-मागं कडक प्लेटा लागतात. पोलादी प्लेट जड, शिवाय गंजते. सिरॅमिकची हातातून पडली तर तडकते. पॉलिथिलीनची हलकी, पाण्यावर तरंगणारी, पण तिला जास्त उष्णता सोसत नाही आणि पोलादी गाभ्याच्या गोळीपुढं ती एकटी पुरेलच असं नाही. "जड ते मजबूत" हा हिशेब इथं चालत नाही. आठ-दहा किलो अंगावर घेऊन माणूस समुद्रात पडला तर? वरून लाइफ जॅकेट बसतं का, एका झटक्यात सगळं अंगावेगळं करता येतं का? यावर पुतण्या म्हणाला, "काकू, एवढं कोण बघतंय?"

कोण बघतंय! २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री समुद्रातूनच आलेल्या अतिरेक्यांशी लढायला निघालेल्या हेमंत करकऱ्यांना जॅकेट चढवताना सगळ्या देशानं टीव्हीवर पाहिलं. ते गेले आणि ते जॅकेटही गायब झालं. कविता करकरे यांनी ते कुठं आहे, कसल्या दर्जाचं होतं, हे जाहीरपणे विचारलं. २०१४ साली त्या गेल्या, जॅकेट काही मिळालं नाही. गिरगाव चौपाटीवर कसाबची बंदूक हातांनी धरणाऱ्या तुकाराम ओंबळ्यांच्या हातात तर लाठीच होती. बुलेटप्रूफ जॅकेटांसाठी आपल्या देशाचं स्वतःचं मानक यायला २०१८ साल उजाडलं.

आता कुणी म्हणेल, चाचेगिरी संपली की. मार्च २०२४ मध्ये आपल्या नौदलानं 'रुएन' जहाज सोडवून ३५ चाचे मुंबईत आणून पोलिसांच्या ताब्यात दिले. संपली कुठली!

मैत्रिणींनो, साडीचा पदर आपण उजेडात नेऊन बघतो, सोन्याचा हॉलमार्क बघतो. नोकरीच्या कागदांत 'वारसदार' म्हणून आपली सही लागते. तिथं आपण चालतो, मग जॅकेटाचं लेबल बघायला का चालत नाही? दर्जा, माप आणि तारीख करारपत्रात लिहून घरी दाखवल्याशिवाय कंपनीनं माणूस जहाजावर चढवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

विक्रेत्यानं आधी हात वर केले, मग निम्मे पैसे परत केले. सूनबाईनं भिशीचे पैसे घातले आणि नवीन जॅकेट पुतण्याच्या मापानं आलं. आता तो जहाजावर आहे. स्वयंपाकघरात गॅसच्या पुस्तकाशेजारी तिनं एक कागद चिकटवलाय, त्यावर जॅकेटाची तारीख आहे. परवा फोनवर त्याला विचारत होती, "पिशवीची शिवण बघितलीत का?"