भोवरा कुणाचा?

जुन्या खेळण्यांच्या आठवणी काढायची सध्या मोठी हौस आहे. पितळेची भातुकली काचेच्या कपाटात मांडायची, सावंतवाडीची लाकडी फळे दिवाणखान्यात ठेवायची आणि ‘काय ते दिवस होते!’ म्हणून सुस्कारा टाकायचा. पण मैत्रिणींनो, जे खेळणे मुलीला जिवापाड आवडत होते आणि घराला खपत नव्हते, ते कोणत्या कपाटात आहे?

माझे खेळणे भोवरा. जाळी घट्ट गुंडाळायची, हात खांद्यापासून फेकायचा, झटक्यात मागे ओढायचा आणि भोवरा जमिनीला टेकू न देता तळहातावर झेलायचा. हातजाळी! आर तळव्यावर फिरताना होणारी गुदगुली अजून आठवते. भावाचा भोवरा त्याच्या दप्तरात राहिला. माझा बंबात गेला. ‘घोडी झालीस, रस्त्यावर पोरांत काय नाचतेस?’

राग त्या लाकडाच्या तुकड्यावर नव्हताच. भोवऱ्याला माजघर चालत नाही, रस्ता लागतो. अंग चोरून तो फिरत नाही. हातजाळी जमायला कित्येक मोकळ्या दुपारी लागतात. रस्ता, मोकळे अंग आणि स्वतःचा वेळ, या तिन्ही गोष्टी मुलीला द्यायच्या नव्हत्या. भातुकली मात्र कौतुकाने दिली. ती घरात, खाली मान घालून खेळता येते. चार वर्षांत खरी भांडी पुढे आली की खेळ संपला.

आईला दोष देऊन भागणार नाही. मुलीला बोल लागला तर जाब तिलाच विचारला जाणार होता. आणि तिच्याही हातातून कुणीतरी काहीतरी काढून घेतलेच होते.

‘आता काळ बदलला,’ असे म्हणतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात आईबाबा मिळून भाजी निवडताना दिसले. चांगलेच झाले. पण खेळण्यांच्या दुकानात मुलींचा गुलाबी कप्पा अजून वेगळाच आहे, आणि संध्याकाळच्या मैदानावर मुली किती असतात ते एकदा मोजून पाहा.

म्हणून नुसते सुस्कारे नकोत. गटाच्या बैठकीत विचारा : तुझे कोणते खेळणे काढून घेतले, आणि का? संक्रांतीला विधवा-सधवा भेद न करता सगळ्याजणींना बोलवा आणि डबे-चमच्यांऐवजी भोवरे, विटीदांडू वाटा. मुली चौकात उतरल्या की ‘घरात चल’ म्हणणारे येतीलच. तेव्हा आपण मुलींच्या बाजूने उभे राहायचे आहे.