शेगडी बाहेर, आपण आत!

काही वर्षांपूर्वीचा डिसेंबर. हरिश्चंद्रगडावर, कोकणकड्याजवळ तंबू ठोकला आणि चहाची तल्लफ आली. माझा नवाकोरा स्टोव्ह म्हणजे मुठीत मावणारा बर्नर, गॅसच्या कॅनवर फिरवून बसवायचा. दुकानात काय झकास पेटला होता! इथे वाऱ्याने ज्योत पार आडवी. अर्ध्या तासानेही पाणी कोमटच. मग मी शहाणपणा केला. स्टोव्ह तंबूत घेतला आणि चेन लावली. चहा झाला, पण थोड्याच वेळात माझं डोकं ठणकायला लागलं आणि मैत्रिणीची बडबड चक्क बंद! तिने चेन उघडली म्हणून आज हे लिहितेय. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास.

तेव्हा मंडळी, दुकानात फक्त 'वजन किती?' विचारू नका. सह्याद्रीत थंडीपेक्षा वारा जास्त छळतो. बुटका, पसरट पायांचा आणि कॅन नळीने लांब जोडायचा स्टोव्ह बघा. त्याच्याभोवती पत्र्याचा आडोसा लावता येतो. कॅनवरच बसणाऱ्या स्टोव्हला असा वेढा घातलात तर कॅन तापून फुटू शकतो.

हिमालयात निघालात? शून्य अंशाच्या खाली साधं ब्यूटेन अंग चोरतं. प्रोपेन मिसळलेला कॅन हवा. आणि तो तिथे पोचल्यावरच घ्या, विमानात नेता येत नाही.

बाकी कुठलाही स्टोव्ह घ्या, पेटवा मात्र तंबूबाहेरच. गार झालेला चहा पुन्हा गरम करता येतो.