लंडनला २८, तिरोड्याला ८४

कोविडकाळात बंद असलेली महाराष्ट्रातली महाविद्यालये २० ऑक्टोबर २०२१ पासून उघडली. वर्गात बसायचे तर कोविड लशीचे दोन्ही डोस हवे होते. या अटीला आमचा विरोध नव्हता. त्या वर्षीच्या एप्रिल-मेमध्ये ज्या घरांनी ऑक्सिजनच्या खाटेसाठी धावाधाव केली, त्यांना लशीचे महत्त्व सांगायला कोणी नको होते. आक्षेप होता तो अट घालताना कॅलेंडर न पाहण्याला.

२५ ऑक्टोबर ते २ नोव्हेंबर या काळात महाविद्यालयांत 'मिशन युवा स्वास्थ्य' ही लसीकरण मोहीम होती. समजा, राज्यातल्याच तिरोडा गावातल्या एका विद्यार्थिनीने मोहिमेच्या पहिल्याच दिवशी कोविशिल्डचा पहिला डोस घेतला. दुसऱ्याला ८४ दिवस थांबायचे, म्हणजे थेट १७ जानेवारी २०२२. २ ऑगस्टनंतर ज्यांनी पहिला डोस घेतला, त्यांनाही त्या दिवशी दुसरा मिळणार नव्हता. हा काही पोरांचा आळस नव्हता. अठरा वर्षांवरच्यांचे लसीकरण १ मे रोजी वाजतगाजत सुरू झाले आणि त्याच महिन्यात लस पुरेना म्हणून राज्याने ते थांबवले. पुन्हा दार उघडले ते जूनच्या उत्तरार्धात.

आणि नियम वाकतच नव्हता, असेही नाही. जूनमध्ये केंद्रानेच परदेशी शिकायला जाणाऱ्यांना कोविशिल्डचा दुसरा डोस २८ दिवसांनंतर घेण्याची मुभा दिली. लंडनच्या विमानासाठी २८ दिवस आणि तिरोड्याच्या एसटीसाठी ८४! अंतर वाढवले की संरक्षण वाढते, असे तज्ज्ञ सांगतात. म्हणून सरसकट २८ दिवस करा असे आम्ही म्हणत नव्हतो. पण एक डोस झालेल्याला, दुसऱ्याची तारीख लिहून घेऊन, मास्कसह वर्गात बसू द्यायला काय हरकत होती? निदान प्रात्यक्षिकांना तरी? रसायनशास्त्राचे अनुमापन मोबाइलवर शिकता येत नाही.

अमेरिकेत इंडियाना विद्यापीठाने अशीच सक्ती केली. विद्यार्थी कोर्टात गेले. ऑगस्टमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप नाकारला. तो दाखला आपल्याकडे देण्याआधी एवढे लक्षात घ्यावे, की तिथे आधी लस मुबलक झाली, मग अट आली.

दोन डोस न झालेल्यांसाठी 'ऑनलाइन' होतेच, असे म्हणणे सोपे. ज्या घरात मोबाइल एकच, तिथे तो बापाच्या खिशात कामावर जातो. 'कोविन' या लसनोंदणीच्या संकेतस्थळावर घरातल्या चौघांची नावे त्याच एका नंबरावर असत. ओटीपी येई धानाच्या बांधीवर, प्रमाणपत्र मागत महाविद्यालयाच्या फाटकावर. म्हणून कागदी प्रत आणि ओळखपत्रही चालायला हवे होते.

शिबिराचा मुहूर्तही पाहा. दिवाळी आठवड्यावर आली होती, हलके धान कापणीला आले होते आणि मजुरीला जाणाऱ्यांत हीच मुले-मुली होती. डोस घेतल्यावर ताप आला तर दुसऱ्या दिवसाची मजुरी बुडे. कार्यालयीन वेळेत शिबिर लावून 'प्रतिसाद मिळाला नाही' असा अहवाल पाठवणे अवघड नव्हते. आरोग्य पथकाने संध्याकाळी बसायला हवे होते, आणि २ नोव्हेंबरला गाशा न गुंडाळता दिवाळीनंतर पुन्हा यायला हवे होते.

राहिले बारावी होऊन प्रथम वर्षाला आलेले सतरा वर्षांचे. त्यांना तेव्हा देशात कुठल्याच केंद्रावर लस मिळत नव्हती. त्यांना वर्गात घ्यायचे की नाही, हे मंत्रालयाने प्राचार्यांना लेखी कळवायला हवे होते. फाटकावरच्या शिपायावर सोडायला नको होते.