वाळवणाचे ऊन, विजेचे ऊन

जालना जिल्ह्यातील कुंभार पिंपळगावसारख्या गावांतून घरावर ‘सोलर’ बसवण्याची चर्चा आता नवी राहिलेली नाही. या चर्चेत दोन शब्द हमखास येतात : ‘मोफत’ आणि ‘स्वतःची’. वीज मोफत, आणि तीही स्वतःची. शब्दांची पारख करणे हे ज्यांचे रोजचे काम आहे, अशा साहित्याच्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी या दोन शब्दांपाशी थोडे थांबावे, असे आम्हांस वाटते. घरावर सौर संच बसवण्याला आमचा विरोध नाही. ज्याला शक्य आहे त्याने तो जरूर बसवावा. आमचा आक्षेप आहे तो या व्यवहाराचे वर्णन करणाऱ्या भाषेला, कारण त्या भाषेआड काही माणसे दिसेनाशी होतात.

मराठवाड्याच्या ग्रामीण कथा-कवितेत ऊन येते ते बहुधा दुष्काळाचा हात धरून : भेगाळलेली जमीन, कोरडी विहीर, करपलेले पीक. दुसऱ्या टोकाला ऊन हे दैवत आहे. कुंभार पिंपळगाव ज्या घनसावंगी तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. त्यांच्या ठोसर घराण्यात सूर्योपासना होती असे परंपरा सांगते. वडिलांचे नाव सूर्याजीपंत आणि समर्थांचे पाळण्यातले नाव नारायण. वैरी आणि देव या दोन टोकांच्या मध्ये एक तिसरे, कामाचे ऊन होते. त्याची नोंद आपल्या लिखित वाङ्मयाने फारशी घेतली नाही. ते म्हणजे वाळवणाचे ऊन.

चैत्र-वैशाखात कुरडया, पापड, शेवया, सांडगे, मिरच्या हे सारे घराच्या माथ्यावर जाई. धान्याला आणि गोधड्यांना ऊन ‘दाखवले’ जाई. सौर ऊर्जेचा घरगुती वापर असे आज आपण जे भारदस्त नाव घेतो, तो वापर या प्रदेशातील बायका पिढ्यान्‌पिढ्या आधी माळवदावर आणि नंतर स्लॅबवर करीत आल्या आहेत. जिच्या घराला माळवद नसे, ती आपली पराती घेऊन शेजारणीच्या माळवदावर चढे. छप्पर एकीचे, ऊन दोघींचे आणि कावळे हाकलायला बसलेली पोरे सगळ्या आळीची. या शेजाराला जातीची कुंपणे होती, हे विसरून चालणार नाही. तरीही छप्पर ज्याचे त्याचेच ऊन, असा हिशेब त्यात नव्हता.

आता विजेचे ऊन पाहू. केंद्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘पीएम सूर्य घर : मुफ्त बिजली योजना’ सुरू केली. उद्दिष्ट १ कोटी घरांचे, तरतूद ७५,०२१ कोटी रुपयांची. पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तीन किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या संचाला एकूण ७८,००० रुपये अनुदान. एका किलोवॅटला सुमारे १०० चौरस फूट मोकळी, सावली न पडणारी जागा लागते आणि त्यातून दिवसाला सरासरी चार युनिट वीज मिळते. (घरगुती पवनचक्कीचा विचार आपल्याकडे सोडून द्यावा हे बरे. वाऱ्याचा वेग निम्मा झाला की वीज एक अष्टमांश होते. साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावरचा वारा घरांच्या दाटीत सापडत नाही.) प्लेटांना प्रकाश हवा असतो, ताप नको असतो. त्या २५ अंशांपलीकडे जितक्या तापतात, तितकी दर अंशामागे साधारण ०.३ ते ०.४ टक्के वीज घटते. म्हणजे अंगाची लाहीलाही करणारे वैशाखातले ऊन विजेसाठी सर्वोत्तम ठरतेच असे नाही. शिवाय धूळ आणि उसाचे पाचट जाळल्याची काजळी वेळच्या वेळी पुसावी लागते, ते वेगळेच.

यात मोफत काय? तीन किलोवॅटच्या संचाला साधारण दीड ते दोन लाख रुपये पडतात. अनुदान वजा जाता उरलेली रक्कम घरातून किंवा कर्जातून उभी करावी लागते. वापराचे युनिट शून्यावर आले, तरी बिलातला स्थिर आकार भरावाच लागतो. हा आगाऊ मोजलेला पैसा काही वर्षांत वसूल होतो, आणि म्हणूनच व्यवहार चांगला आहे. पण आगाऊ पैसे मोजण्याची ऐपत असणाऱ्यालाच जे मिळते, त्याला मराठीत मोफत म्हणत नाहीत.

‘स्वतःची’ या शब्दाची गत याहून नाजूक आहे. बॅटरी नसलेला आणि महावितरणच्या तारेला जोडलेला संच, लाइन गेली की आपोआप बंद पडतो. तो तसा बंद पडावाच लागतो. नाही तर खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल. भारनियमनाची ती वर्षे ज्या भागाच्या अजून स्मरणात आहेत, तेथे भर दुपारी, डोक्यावर रखरखीत ऊन असताना, स्वतःच्या प्लेटांखाली पंखा थांबलेला पाहणे हा विलक्षण अनुभव असतो. एरवीही दुपारी घरची माणसे शेतात असतात, तेव्हा तयार झालेली जादा वीज तारेतून निघून जवळच्याच गिरणीत वा दुकानात खर्ची पडते. रात्री आपल्या घरात येते ती परळीच्या किंवा चंद्रपूरच्या कोळशाचीही असू शकते. मीटर या देवघेवीचा फक्त हिशेब ठेवतो. गावची तार हेच आजचे सामायिक माळवद आहे, आणि त्याच्यावाचून ‘स्वतःची वीज’ एक पाऊल चालू शकत नाही.

मग या सामायिक माळवदावर चढता कोणाला येते? ज्याचा पक्का स्लॅब आहे, घर आणि मीटर ज्याच्या नावावर आहे, त्याला. मातीच्या माळवदावर सांगाडा रोवता येत नाही. पत्र्यावर तो बसवता येतो, पण पत्रा आणि त्याखालची लाकडे तेवढी धड असावी लागतात. जे कुटुंब दिवाळीनंतर घराला कुलूप लावून ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जाते, त्याने प्लेटा कोणाच्या राखणीत ठेवायच्या? गावात सर्वांत कमी वीज वापरणारी आणि बिलाची धास्ती सर्वाधिक असणारी हीच घरे आहेत.

यावर कोणी म्हणेल की राज्य शासनाने २०२५ मध्ये महिना १०० युनिटांपर्यंत वापर असणाऱ्या घरांसाठी वेगळी, अधिक अनुदानाची योजना आणलीच आहे. ती स्वागतार्ह आहे. परंतु तीही ‘तुझे छप्पर दाखव’ याच अटीने सुरू होते. पैशाचा अडसर तिने हलका केला, छपराचा केला नाही.

छपराचा अडसर दूर करण्याचा मार्ग अज्ञात नाही. दिल्लीच्या विद्युत नियामक आयोगाने २०१९ मध्येच अशी मार्गदर्शक तत्त्वे केली, की एका ठिकाणच्या सौर संचाची वीज अनेक ग्राहकांच्या बिलांत वाटून जमा करता यावी. केंद्राच्या योजनेतही जिल्ह्यामागे एक आदर्श सौरग्राम निवडून त्याला १ कोटी रुपयांचे साहाय्य देण्याची तरतूद आहे. शाळेच्या, ग्रामपंचायतीच्या वा बाजार समितीच्या विस्तीर्ण छपरावर सामायिक संच उभारावा, त्याचे युनिट आधी स्लॅब नसलेल्यांच्या बिलांत जमा व्हावेत, आणि आरोग्य केंद्र व पाणीपुरवठ्यापुरती बॅटरी गावाने मिळून सांभाळावी, ही मागणी अवाजवी नाही. मालकी, देखभाल, वाटपाचे प्रमाण यांवरून भांडणे होतील. ती पाण्यावरून होतात, बांधावरून होतात. म्हणून पाणी वाटून घेणे कोणी सोडलेले नाही.

साहित्याच्या वर्गात बसून यात काय करता येईल, असा प्रश्न कोणास पडेल. एक गोष्ट निश्चित करता येईल. वाळवणाच्या उन्हाची जी बोली आपल्या आज्या-मावश्यांच्या तोंडी अजून शिल्लक आहे, ती विद्यार्थ्यांनी गावोगाव जाऊन टिपून घ्यावी : कोणाच्या माळवदावर कोण जाई, राखण कोण करी, पाऊस आला तर कोणाचे आधी उचलले जाई, आणि कोणाला वर येऊच दिले जात नसे. ऊन वाटून घेण्याचे नियम आपल्याकडे होते आणि त्यांत दोषही होते. ग्रामसभेत सोलरचा विषय निघेल तेव्हा हे दोन्ही सांगणारे कोणी तरी तेथे बसलेले असावे.