हातातला पत्ता, पाकिटातला पत्ता

सप्तव्यसनांच्या यादीत द्यूताचा क्रमांक पहिला लागतो. त्यामुळे जैन व्यापारी घरांतून पत्त्यांकडे संशयाने पाहिले जात असेल, तर त्यात नवल नाही. अशा घरातील मुलगा भंडाऱ्याहून किंवा तुमसरहून शिक्षणासाठी नागपूर-पुण्याला जातो आणि सुट्टीत परतताना चकचकीत चित्रांच्या पत्त्यांचा डबा घेऊन येतो. वसतिगृहातील मित्रांनी या खेळाचे मंडळ काढले आहे, असे तो सांगतो. डब्यातील एकाच पत्त्याला काही हजार रुपये पडले, हे कळल्यावर घरात शांतता पसरते आणि मग वडील विचारतात, "हा जुगारच ना?"

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र एका शब्दात देता येत नाही, कारण त्या डब्यात एक नव्हे, दोन वेगळे व्यवहार आहेत.

या प्रकारच्या खेळांचा आद्य खेळ म्हणजे 'मॅजिक : द गॅदरिंग'. तो एका विद्यापीठाच्या परिसरातच वाढला. रिचर्ड गारफिल्ड हा अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात गणिताचा संशोधक विद्यार्थी होता. वस्तूंच्या जुळण्या किती प्रकारे होऊ शकतात, हे मोजणारी गणिताची शाखा हा त्याचा विषय. सहज सोबत नेता येईल, थोड्या वेळात संपेल आणि छापायला स्वस्त पडेल असा खेळ एका लहानशा प्रकाशन संस्थेच्या मालकाला हवा होता. गारफिल्डने पहिला संच १२० पत्त्यांचा केला आणि दोघांत निम्मा निम्मा वाटून तो खेळून पाहिला. (सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफातही दहा रंगांचे बारा-बारा मिळून १२० पत्तेच असतात. हा निव्वळ योगायोग. पण पत्त्यांच्या खेळाला कलेचे अंग असते, हे महाराष्ट्राला परक्यांकडून शिकावे लागत नाही.) पुढील दोन वर्षे विद्यापीठातील मित्रांचे गट घरी कापलेल्या पुठ्ठ्यांवर हा खेळ पारखत राहिले. १९९३ च्या ऑगस्टमध्ये तो बाजारात आला. त्याच मित्रांपैकी काहींनी पुढे त्याचे नवे संच रचले. १९९६ चा 'मिराज' हा संच ब्रिजच्या टेबलावर गारफिल्डशी ओळख झालेल्या गटाने तयार केला.

कल्पना साधी होती. नेहमीच्या पत्त्यांत एकच कॅट सर्वांचा असतो. येथे प्रत्येक खेळाडू स्वतःचा कॅट स्वतः रचतो. आज तो किमान साठ पत्त्यांचा असावा लागतो आणि मूलभूत पत्ते वगळता कोणताही पत्ता चारांहून अधिक घेता येत नाही. हजारो पत्त्यांतून साठ निवडायचे, कोणता पत्ता कोणत्या पत्त्याला साथ देईल हे ताडायचे, समोरच्याची चाल ओळखायची. पिसण्यात दैव असते हे खरे. पण वारंवार जिंकणारे तेच ते असतात, आणि ते दैवामुळे जिंकत नाहीत.

आरंभीच्या नियमांत मात्र एक खोट होती. डाव सुरू होण्यापूर्वी दोघांनी आपल्या कॅटमधील एकेक पत्ता बाजूला ठेवायचा आणि जिंकणाऱ्याने दोन्ही घरी न्यायचे. हा उघड पणच होता. खेळाडूंनाही तो रुचला नाही. नियम लवकरच ऐच्छिक झाला आणि त्या पणाशी निगडित पत्त्यांना अधिकृत स्पर्धांतून बंदी झाली. आज मंडळाच्या टेबलावर मुलगा हरला, तर उठताना त्याच्याजवळ बसताना होते तेवढेच पत्ते असतात. हा झाला हातातला पत्ता.

पाकिटातल्या पत्त्याची गोष्ट निराळी. हे पत्ते बंद पाकिटांतून विकले जातात. पंधरा पत्त्यांच्या जुन्या ठरलेल्या पाकिटात बहुतेक पत्ते सामान्य, तीन त्याहून कमी आढळणारे आणि एक दुर्मीळ, अशी विभागणी असे. तो एक कोणता, हे पाकीट फाडल्याशिवाय कळत नाही. आजच्या पालकांनी लहानपणी बबलगमच्या पाकिटातील क्रिकेटपटूंची चित्रे जमवली असतील. तोच हा मोह, फक्त किंमत शंभरपट. जोखीम तर व्यापारातही असते, असे मुलगा म्हणेल. तेंदूपत्त्याचा लिलाव हंगामाआधी होतो. बोली लावणाऱ्यालाही यंदाचे पीक दिसत नाही. पण त्याने मागील वर्षांची आवक पाहिलेली असते, जंगल माहीत असते, मजुरीचा हिशेब मांडलेला असतो. पाकीट घेणाऱ्याला पारख करायला काहीच नसते. दुकानदार ज्याला जोखीम म्हणतो, ती ही नव्हे.

आणि मिळालेल्या पत्त्याचे मोल तरी कशावर टिकते? भंडारा पितळी भांड्यांसाठी ओळखला जातो. येथील व्यापाऱ्याला ठाऊक असते की घागर फुटली तरी वजनावर मोड मिळते. या पत्त्याला मोड नाही. तो कागद आहे. २०२१ च्या जानेवारीत 'ब्लॅक लोटस' नावाचा पहिल्या छपाईतील एक पत्ता ५,११,१०० डॉलरना विकला गेला, तो प्रकाशकाने शब्द पाळला म्हणून. १९९५ मध्ये कंपनीने जुने पत्ते पुन्हा छापले, तेव्हा जपून ठेवणाऱ्यांचे भाव कोसळले आणि ओरड झाली. १९९६ मध्ये तिने एक यादीच जाहीर केली : यातील पत्ते पुन्हा निघणार नाहीत. ही यादी आजही पाळली जाते. तरी २०२२ मध्ये तीच कंपनी त्या यादीतील पत्त्यांच्या, स्पर्धेत न चालणाऱ्या आवृत्त्या साठ पत्त्यांना ९९९ डॉलर दराने विकायला निघालीच. शब्द मोडला नाही, पण वाकवला. ज्या मालाची पत सर्वस्वी दुसऱ्याच्या शब्दावर उभी आहे, तो गुंतवणूक म्हणून घेऊ पाहणाऱ्या मुलाला त्याच्या घरातील कोणताही जुना मुनीम दोन प्रश्न विचारील.

कायद्यानेही पत्त्यांना एका मापाने मोजलेले नाही. १९६७ मध्ये सिकंदराबादच्या एका क्लबच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवला आणि तीन पत्त्यांच्या जुगारापासून तो वेगळा काढला. मात्र पणावरील खेळातून क्लब नफा काढत असेल, तर गुन्हा होऊ शकतो, हेही नोंदवले. प्रश्न पत्त्यांचा नव्हता, पैसा कोठून कोणाकडे जातो याचा होता. घरातही तोच विचारायला हवा. मुलगा महिन्याला किती डाव खेळला आणि किती पाकिटे फाडली, हे दोन आकडे समोरासमोर मांडले की पुष्कळ उलगडते. डबा फेकून देणे सोपे असते. पण परक्या शहरात मुलाला जी चार माणसे भेटली आहेत, तीही त्याबरोबर जातात.

चांगली मंडळे ही गुंतागुंत स्वतःच सोडवतात. हवा तो पत्ता सुटा विकत घेतला, तर पाकिटाचा मोह उरत नाही. भाव आधी कळतो, घासाघीसही करता येते. मैत्रीच्या डावात महागड्या पत्त्याऐवजी त्याचे नाव लिहिलेली चिठ्ठीही चालवून घेतात. त्याहून उत्तम सोय म्हणजे मंडळाच्या मालकीचा सामायिक संच, ज्याला खेळाडू 'क्यूब' म्हणतात. आठ जण बसतात. प्रत्येकापुढे पंधरा पत्त्यांचे तीन गठ्ठे येतात. गठ्ठ्यातील एक पत्ता ठेवायचा, उरलेले शेजाऱ्याकडे सरकवायचे; असे करीत प्रत्येकाचा कॅट तिथल्या तिथे रचला जातो आणि मग डाव रंगतात. आठ गुणिले पंचेचाळीस, म्हणजे ३६० पत्ते. सामान्य पत्ते सुटे घेतले, तर ते नगाला काही रुपयांत येतात. हा खर्च एकदाच, तोही आठ जणांत विभागून. भंडारा किंवा साकोलीच्या महाविद्यालयातील मुलांनाही तो पेलण्याजोगा आहे. संध्याकाळ सरली की सारे पत्ते मोजून पेटीत परत जातात, आणि पुढच्या शनिवारी तेच ३६० पुन्हा पिसले जातात.