१७, २०, १७

२३ ऑगस्ट १७३० रोजी संगीतकार योहान सेबास्टियान बाखने लायपझिगच्या नगरपरिषदेला एक लेखी निवेदन दिलं. त्याच्या शेवटी सेंट थॉमस शाळेतल्या मुलांची नावानिशी यादी आहे. १७ गाण्याच्या उपयोगी, २० अजून तयार व्हायची, १७ बिनकामाची. या ५४ जणांत शहरातल्या चार चर्चचं गाणं भागवायचं होतं. ज्यांना साधं प्रार्थनागीतच जेमतेम जमे, ती मुलं त्यांपैकी सेंट पीटर्स चर्चच्या वाट्याला जात.

वादकांचं दुखणं याहून मोठं. बाखच्या हिशेबाने किमान १८ हवेत. पगारी होते ८, त्यातला एक उमेदवार. व्हायोलिन, व्हायोला, चेलो, बासरी वाजवायला विद्यापीठातले विद्यार्थी बोलवावे लागत आणि त्यांना पूर्वी मिळणारी किरकोळ बिदागीही परिषदेने बंद केली होती. फुकट कोण राबणार, हा त्याचा सरळ सवाल.

‘टंचाईतूनच थोर कला जन्मते’ हे वाक्य कुणी ऐकवलं की मला हे निवेदन आठवतं. १७२३च्या मे महिन्यात लायपझिगला आल्यावर पहिली काही वर्षं बाखने जवळजवळ दर रविवारी नवा कँटाटा, म्हणजे चर्चमध्ये गायक-वादकांनी सादर करायची रचना, उभा केला. आठवड्याच्या आत रचना, मग प्रत्येक गायक-वादकासाठी हाताने उतरवलेली वेगळी प्रत, मग रविवारी सकाळी गायन. त्याचं ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ही याच शाळेतल्या पोरांच्या गळ्यातून पहिल्यांदा ऐकू आलं. पण टंचाईचे आभार त्याने कधी मानले नाहीत. त्याने माणसं मोजली आणि आणखी मागितली. ड्रेस्डेनच्या दरबारी वादकांना पोटाची चिंता नाही, एकच वाद्य घोटायला मिळतं, मग त्यांचं वादन का खुलणार नाही, असं त्याने स्पष्ट लिहिलं. कलावंताच्या हलाखीचं कौतुक करणाऱ्यांनी हा मजकूर पुन्हा पुन्हा वाचावा असं मला कळकळीने वाटतं. आणि १७३०च्या त्याच ऑगस्टमध्ये परिषदेच्या बैठकीत बाखबद्दल तक्रार झाली होती, की हा काहीच काम करत नाही!

२८ जुलै १७५० रोजी बाख गेला. पत्नी आना मागडालेना स्वतःही तालीम घेतलेली गायिका होती. त्याच्या कितीतरी रचनांच्या नकला तिच्या हातच्या आहेत. कँटाटांच्या प्रतींचा एक मोठा संच तिने थॉमस शाळेच्या स्वाधीन केला. परिषदेने तिला नवऱ्याचा सहा महिन्यांचा पगार दिला. १७६० मध्ये ती वारली, त्याच लायपझिगमध्ये, दानधर्मावर जगणारी बाई म्हणून.